लाल रबराचा कोन, उकडा भात आणि आमचा बांगडो: काँग खेळणं सहा महिने वापरल्यावर

आधीच सांगते, आमचा बांगडो काही जातिवंत वगैरे नाही, फोंड्याच्या मासळी बाजारामागे सापडलेला गावठी सुणो, म्हणजे कुत्रा, वय दीड वर्ष, वजन १७ किलो. नाव असं का, तर घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यावर मसाला लावून ठेवलेला बांगडा मसाल्यासकट पळवला. मी आणि नवरा दोघंही पणजीला नोकरीला, सकाळी कदंब बस पकडायची ती परत येईपर्यंत तिन्हीसांज. तेवढ्या वेळात या महाशयांनी सोफ्याच्या दोन उश्या, लायटीचं बिल, नवऱ्याच्या हेल्मेटच्या आतला स्पंज आणि तीन चपला खाल्ल्या, तिन्ही डाव्या, उजव्या पायाच्या चपलेला आजवर दात लावलेला नाही. त्यात शेजारच्या काकी एक दिवस गेटवरच थांबवून म्हणाल्या, "तुजो सुणो दीसभर रडटा गो." मला इतकं वाईट वाटलं ना, अख्खा दिवस ऑफिसात लक्ष लागलं नाही.

मग डॉक्टरांनी सांगितलं की आत खाणं भरायचं रबरी खेळणं आणा, कुत्रा कंटाळला की घर फोडतो, त्याला काम द्या. आम्ही शहाणे, स्वस्तातलं आणलं. दिसायला सेम लाल, पण दोन दिवसांत वरचं टोक गायब आणि हॉलभर रबराचे तुकडे. तो राहिलेला भाग डॉक्टरांना दाखवला तर त्यांनी उलटा करून बघितलं आणि म्हणाले, याला एकच भोक आहे, फेकून द्या आधी. कारण असं की एकाच बाजूने उघडं असलं की चाटता चाटता आत हवा ओढली जाते आणि जीभ अडकू शकते, म्हणून खाली मोठं आणि वर छोटं अशी दोन भोकं पाहिजेतच. हे मला माहीतच नव्हतं, तुम्ही कुठलंही घ्या पण हे बघून घ्या.

मग मात्र काँग ब्रँडचं ओरिजिनल खेळणं मागवलं. किंमत बघून नवरा म्हणाला एवढ्यात आपली आठवड्याची मासळी येते, पण त्याच महिन्यात चपलांवर किती घालवले ते मी मोजून दाखवलं. याची गोष्ट पण मजेशीर आहे, अमेरिकेत कोलोरॅडोत एका माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता, मालक फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करत बसलेला तेव्हा त्या कुत्र्याने सस्पेन्शनचा रबरी तुकडा पळवला आणि तो सोडेचना, त्यावरून १९७६ साली हे खेळणं आलं. म्हणजे आकार असा विचित्र का ते कळलं, मुळात गाडीचाच पार्ट. यात साइज कुत्र्याच्या वजनावरून घ्यायचा, आमच्याला लार्ज लागला, आणि रंगावरून रबर किती कडक ते ठरतं, लाल नेहमीचं, काळं जास्त चावणाऱ्यांना, पिल्लांचं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचं मऊ येतं ते वेगळं. सहा महिन्यांत आमच्या लालवर फक्त दातांचे ओरखडे.

पण नुसतं खेळणं आणून टाकलं तर काही होत नाही हां. पहिल्या दिवशी बांगडोने वास घेतला आणि परत चपलेकडे वळला. सगळा खेळ आत काय भरता त्याचा आहे. आमचा फॉर्म्युला असा, उकड्या तांदळाचा मऊ भात, त्यात वाफवलेला भोपळा, चमचाभर दही, मीठ अजिबात नाही, आणि तोंडाशी सालदाटी केळ्याचा एक तुकडा बुचासारखा लावायचा. पहिले चार-पाच दिवस तसंच द्यायचं, सैल भरून, म्हणजे त्याला जमतं असं वाटतं, मग रात्रभर फ्रीजरमध्ये. गोठलेलं असलं की पंचवीस-तीस मिनिटं सहज जातात. आणि जेवढं आत भरलं तेवढं सकाळच्या जेवणातून कमी करायचं, नाहीतर कुत्रा शहाणा होत नाही, नुसता जाडा होतो. मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण चुकूनही नको, पीनट बटर घेतलं तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विष आहे. सासूबाईंना चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं मणगणें (चणाडाळीची गोड खीर) भरायचं होतं, "त्याका बी खुशी जाता" म्हणे. त्यांना थांबवायला मला फार बोलावं लागलं.

आता मुंग्या. गोव्यात राहता तर हा प्रॉब्लेम येणारच, संध्याकाळी घरी यायचं आणि दारापासून सोफ्याखालपर्यंत तांबड्या मुंग्यांची शिस्तीत लाइन, शेवटी तो कोन. म्हणून आम्ही दही कमी केलं, केळं अगदी छोटं ठेवलं, आणि दुपारी काकी त्याला अंगणात सोडायला येतात तेव्हा तो कोन उचलून बादलीत टाकतात. पावसात तर आत भाताचं एक शीत राहिलं तरी बुरशी, बाटली घासायचा लांब ब्रश वेगळा आणून ठेवलाय.

हो, काकींनी सांगितलेलं ते बांगडोचं रडणं. जुना मोबाइल शोकेसवर लावून कॅमेरा केला आणि ऑफिसात बसून बघितलं. आम्ही निघाल्यावर पहिला अर्धा तास कोन चाटणं, मग खिडकीत झोप, सगळं शांत. दुपारी चारच्या पुढे पदेर (पाववाला) सायकलवरून आला, पों पों, आणि हा उठला, मान वर केली आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं लांबलचक गायला लागला. पदेर गेला, याचं गाणं बंद, परत झोप. म्हणजे दीसभर वगैरे काही नाही, पाव आला की आरती! काकींना व्हिडिओ दाखवला तर हसून हसून त्यांच्या डोळ्यात पाणी, आता त्याच पदेराकडून बांगडोसाठी अर्धी पोय (कोंड्याचा पाव) घेतात.

पण एक गोष्ट, हे कंटाळलेल्या कुत्र्यासाठी आहे, घाबरलेल्यासाठी नाही. जूनमधल्या पहिल्या मोठ्या गडगडाटात आणि चवथीच्या फटाक्यांत बांगडोने कोनाला तोंडच लावलं नाही, बाथरूममध्ये बादलीमागे थरथरत बसला. भ्यालेला कुत्रा खात नाही. तुमचं कुत्रं तुम्ही गेल्यावर रोजच असं करत असेल, दाराला नखं मारणं, लाळ गाळणं, कोन दिवसभर तसाच आणि तुम्ही आलात की अधाशासारखं खाणं, तर खेळण्यावर पैसे घालवू नका, आधी डॉक्टरांकडे जा. आणि फक्त बाहेर जातानाच कोन देऊ नका, रविवारी घरी असताना पण द्या, नाहीतर कोन दिसला की त्याला कळतं हे निघाले.

आमच्याकडे आता दोन आहेत, एक वापरात आणि एक फ्रीजरमध्ये सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीमागे. चपला मात्र अजून कपाटातच ठेवतो, डाव्या तरी.