खेळाडूचं पोर्ट्रेट, प्रकाशकाचं पान की स्टॉक चित्रं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तशाच टेबलटॉप खेळांसाठी (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र चालवायचं, असे खेळ) चित्रं काढून पैसे मिळवायचे, तर नवख्यापुढे तीन वाटा असतात: खेळाडूंची खासगी कमिशनं (इथे दलाली नव्हे, सांगून काढून घेतलेलं चित्र), छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांतली चित्रं आणि ड्राइव्हथ्रूआरपीजी (थोडक्यात ड्राइव्हथ्रू) या अशा खेळांची पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळावर विकायची स्टॉक चित्रं, म्हणजे आधीच काढून ठेवलेली, कुणीही विकत घेऊन वापरावीत अशी. तिन्हीकडे ड्रॅगन, तलवारी आणि झगेच काढायचे असल्यामुळे एका पोर्टफोलिओत सगळं भागेल असं वाटतं, आणि गाडी तिथेच अडते.

सगळ्यात लवकर हाती लागतं ते खेळाडूचं काम. रेडिट आणि डिस्कॉर्डवर अशी गिऱ्हाइकं रोज फिरत असतात. त्यांना हवं असतं आपलं पात्र, मनात आहे तसं. त्यासाठी ती चार-चार पानांचा पूर्वेतिहास पाठवतात, पण चित्रात उतरेल असं त्यात जेमतेम दोन ओळींचं असतं. त्यापेक्षा आपणच विचारावं: पात्राचा वंश (मानव, एल्फ), वर्ग (योद्धा, जादूगार) आणि वय काय, अंगावर काय आहे, कोणत्या हातात काय आहे, कोणती खूण राहून चालणार नाही, शिवाय तीन संदर्भचित्रं मागावीत. स्केचवर दोन बदल आणि रंगांवर एक, त्यापुढे प्रत्येक बदलाचे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावीच. पात्र तिसऱ्या लेव्हलला मेलं की गिऱ्हाईकही त्याच्यामागोमाग अंतर्धान पावतं.

दर ठरवताना तास मोजा. खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटला आठ तास लागत असतील आणि तासाला ५०० रुपये धरले, तर ४,००० झाले. त्यावर पेपालची कपात आणि चलनबदलातली घट धरून आकडा सांगावा. पाच जणांच्या अख्ख्या गटाचं चित्र हा यातला खरा सापळा. आकृत्या एकमेकांआड जाणार म्हणून काम कमी असेल, या समजुतीने दुप्पट दर सांगून लोक फसतात. प्रत्यक्षात पाचही खेळाडू वेगवेगळ्या दुरुस्त्या कळवतात. बोलणारा माणूस एकच असेल, हे आधीच लिहून घ्या. ऑनलाइन खेळासाठी गोल टोकनही (पडद्यावरच्या नकाशातली पात्राची सोंगटी) हवं असेल तर चेहरा बरोबर मध्ये ठेवा, नाहीतर शिंगं आणि टोपीचं टोक वर्तुळात कापलं जातं. फाइल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी द्यावी.

प्रकाशक मात्र पानातली जागा भरायला चित्र घेतो. ‘अर्धं पान, आडवं, तीन जण पुलावर, डावीकडे मजकुरासाठी मोकळी जागा’ अशा भाषेत काम येतं. अमेरिकी पुस्तक बहुधा ८.५ बाय ११ इंचांचं असतं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते २५५० बाय ३३०० पिक्सेल होतं. पानाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र असेल तर चारही बाजूंना पाव नव्हे, एक अष्टमांश इंच जास्त, म्हणजे २६२५ बाय ३३७५. पडद्यावर झळाळणारी जांभळी-निळी जादू सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) मळकट होते, म्हणून रंगवायला बसण्याआधीच एकदा त्या प्रोफाइलमध्ये बघून घ्यावं. ड्राइव्हथ्रूवर ‘प्रिंट ऑन डिमांड’ छपाईत (मागणी येईल तशी एकेक प्रत छापणं) चारही शायांची टक्केवारी मिळून मर्यादा २४० टक्के आहे. चारही शाया ओतून काळी केलेली गुहा ती सहज ओलांडते आणि फाइल परत येते.

करारात बहुतेकदा ‘वर्क फॉर हायर’ असतं, म्हणजे सगळे हक्क प्रकाशकाचे. ते मान्य करायला हरकत नाही, पण चित्र स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी आणि काम मध्येच रद्द झालं तर मिळायची रक्कम लेखी घ्या. ‘पुस्तक निघाल्यावर पैसे’ हे कलम खोडायला सांगा. चित्र दिल्यापासून ३० दिवस ही वाजवी मुदत. छोटे प्रकाशक किकस्टार्टर या संकेतस्थळावर मोहीम काढून वाचकांकडून आगाऊ पैसे उभे करतात आणि ते मोहीम संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी हातात पडतात. म्हणून मुखपृष्ठाचं काम मोहिमेआधी निघतं, आतल्या चित्रांचं नंतर.

शाईच्या रेघेवर हात बसलेल्यांसाठी इथे एक चांगली फट आहे. किकस्टार्टरवर २०१९ पासून बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास झीन क्वेस्ट हा उपक्रम चालतो: झीन म्हणजे छोट्या, बहुधा कृष्णधवल पुस्तिका. दिवाळी अंकांत कथाचित्रं काढणाऱ्याला लागते तीच नजर इथे लागते. रेघाचित्र ६०० डीपीआयला द्यावं.

स्टॉक चित्रांत गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही, हा मोठा आराम. ड्राइव्हथ्रू फक्त तिथेच विकणाऱ्याला किमतीच्या ७० टक्के देतं, इतरांना ६५. पाच डॉलरच्या चित्रामागे ३.५० किंवा ३.२५ डॉलर. हे उत्पन्न म्हणून धरू नका. प्रकरणाच्या शेवटी उरलेलं पाव पान भरायला लेखक ही चित्रं घेतात, त्यामुळे मशाल, दार, गॉब्लिन अशी साधी चित्रं भव्य युद्धापेक्षा जास्त उपयोगी पडतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिच्या मालकीचे प्राणी, उदाहरणार्थ बिहोल्डर हा अनेक डोळ्यांचा तरंगता गोळा, इथे काढायचे नाहीत. ड्रॅगन आणि सांगाडे कुणाच्याच मालकीचे नाहीत.

चित्रकाराने स्वतः खेळावं का? कमिशनं घ्यायची असतील तर हो, निदान आठ-दहा बैठका. ढाल एका हातात आणि धनुष्य दोन्ही हातांत ही चूक टेबलावर लगेच पकडली जाते, आणि पहिली गिऱ्हाइकंही त्याच टेबलावर भेटतात. स्टॉकसाठी नियम येण्याची गरज नाही.

आठवड्याला आठ-दहा तासच मिळत असतील तर पोर्ट्रेटपासून सुरुवात करावी. त्यातला फायदा रोख आणि लगेच आहे, पण वीस सुंदर चेहरे बघून प्रकाशक काम देत नाही. त्याच्यासाठी वेगळी आठ चित्रं लागतात: तीन जणांचं पार्श्वभूमीसह दृश्य, एकच पात्र दोन वेगळ्या चित्रांत ओळखू येईल असं, एक राक्षस, एखादी वस्तू, आणि निदान दोन कृष्णधवल. ही आठ नोव्हेंबरपर्यंत तयार ठेवा; फेब्रुवारीच्या पुस्तिकांचे चित्रकार त्याच सुमारास शोधले जातात.