वारस नोंदीची सही म्हणून नेलं आणि हक्कसोडपत्र झालं

"ताई, आप्पांच्या जमिनीला वारस लावायचेत, तुझी फक्त एक सही लागते. येताना आधार कार्ड घेऊन ये." तेराव्याला माहेरी आलेल्या बहिणीला हे सांगितलं जातं आणि ती भरल्या डोळ्यांनी हो म्हणते. गाडी थांबते ती दुय्यम निबंधक कार्यालयासमोर, जिथे दस्तांची नोंदणी होते. हक्कसोडपत्राची, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याच्या दस्ताची पानं आधीच टाइप करून तयार असतात. कॅमेऱ्याकडे बघायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, "दस्त कबूल आहे का?" विचारलं की मान हलवायची. ती मान हलवणं म्हणजेच कायद्याने कबुली. फसवणूक कळते बऱ्याच काळाने, सातबाऱ्यावर आपलं नावच नाही हे दिसल्यावर.

खूण अगदी सोपी आहे. शेतजमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे होते. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही, फोटो-अंगठा लागत नाही, मुद्रांक भरून दस्त करावा लागत नाही. लागतो तो अर्ज, मृत्यूचा दाखला, सातबारा व ८अ (खात्याचा उतारा), आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते व नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. वारस हक्काची खबर ३ महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. नावं आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत चढतात. चौकशी झाल्यावर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

हक्कसोडपत्राचं मात्र उलट. ते नोंदणीकृतच असावं लागतं. साध्या कागदावर किंवा तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने हक्क सुटत नाही, म्हणून तर बहिणीला तालुक्याला न्यावं लागतं. समजून-उमजून, भावावरच्या मायेने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि तो त्यांचा निर्णय. आम्ही बोलतोय ते न सांगता घेतलेल्या सहीबद्दल.

दुसरा प्रकार प्रतिज्ञापत्रातच होतो. वारसांच्या यादीत मुलींची नावं लिहीतच नाहीत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. मुलीच्या लग्नात खर्च झाला म्हणून तिचा वाटा संपत नाही. आजीचं नाव तर कुणाला आठवतही नाही. यादी स्वतः वाचा आणि तिचा फोटो काढून ठेवा. मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) आणि कोऱ्या मुद्रांकावरची सही हे याच माळेतले मणी.

सही करण्याआधी पहिल्या पानावरचं दस्ताचं नाव मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दुय्यम निबंधकालाच विचारा, "हा कसला दस्त आहे?" दस्त समजला नाही असं तिथेच सांगितलंत तर कबुली होत नाही. तिथे संकोच केला की पुढे कोर्टाच्या पायऱ्या आल्या.

सही होऊन गेली असेल तर सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची प्रत काढा. तिच्यात पहिल्याच रकान्यात 'विलेखाचा प्रकार' लिहिलेला असतो, तिथे सगळं उघड होतं. मग 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचे फेरफार बघा. नोंद अजून मंजूर नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती नोंद तक्रारी नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये जाते. मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस.

पण इथे बऱ्याच जणींची गफलत होते. फेरफार रद्द झाला तरी दस्त जिवंतच राहतो. नोंदणीकृत दस्त एकतर्फी रद्द करण्याचा अधिकार तलाठ्याला नाही आणि दुय्यम निबंधकालाही नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लागतो, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. दाव्याबरोबरच जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा, नाहीतर निकाल लागेपर्यंत जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. सोबत सूची २, सातबारा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत न्या.