माशेलचं जुनं घर आणि ते मिळवून देणारा एजंट: नऊ महिन्यांनंतर

गोव्यातल्या माशेलला जुनं घर घेतलं. डिसेंबरात खरेदीखत झालं, जानेवारीत राहायला आलो, आता चवथही (गणेशचतुर्थी) इथंच झाली. पावसाळ्याआधी लिहिलेल्या घराच्या कौतुकावर गोव्यात कोणी विश्वास ठेवू नये, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

घर चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं, मधे राजांगण. मे महिन्यातही दुपारी आत गारवा असतो. जूनमध्ये मात्र स्वयंपाकघरात तीन टोपं मांडून ठेवावी लागली. "चार कौलं बदलली की झालं," असं एजंट म्हणाला होता. शाकारणीवाल्यानं वर चढून कौलांखालचे लाकडी रीप दाखवले तर बोटानं चुरा होत होता. पश्चिमेची भिंत ओलीच. बाहेरून झडी, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, बांधली तेव्हा जरा कमी झालं. 'गाडी दारात येते' हीसुद्धा थापच, स्कूटर येते. एवढं झाल्यावर एजंटला एक तारा द्यायला हवा. मी चार देतोय, ते कागदांसाठी.

घर ज्यांच्या नावावर होतं ते वारले होते. मागे आई, पाच मुलं आणि पाचांचे जोडीदार. गोव्यात वारसाबरोबर त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. ही व्यवस्था 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आहे. म्हणजे अकरा सह्या. धाकटा भाऊ टोकन घ्यायला एका पायावर तयार होता, "बाकीचे करतील सही," म्हणत होता. एजंटनं आम्हाला एक रुपया देऊ दिला नाही. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा समोर धरून त्यानं कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, ज्याला कायद्याचं संरक्षण असतं) यांचे रकाने बोट ठेवून वाचले, मग वारसांची यादी काढली. (त्याच्या कार्डावर रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर ठळक आहे, जुन्या घराच्या व्यवहारात त्याचा उपयोग शून्य.)

सहा महिने गेले. एक बहीण मस्कतला. तिचं आणि नवऱ्याचं मुखत्यारपत्र दूतावासातून साक्षांकित होऊन आलं, आणि तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागायला हवा म्हणून एजंट ते पाकीट घेऊन दुसऱ्याच दिवशी पणजीला पळाला. बेळगावचे जावई सहीला तयार नव्हते. कारण पैशाचं नव्हतं. धाकट्याच्या लग्नात त्यांना नीट बोलावलं नव्हतं म्हणे. एजंट तीनदा बेळगावला गेला. तिसऱ्यांदा धाकट्यालाच सोबत घेऊन.

फोंड्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले होते, मधे आई. विहिरीच्या पंपावरून दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झालेली. आईचा अंगठा यंत्रावर उमटेना. नारळ सोलून सोलून रेषाच गेलेल्या. धाकट्यानं रुमाल ओला करून अंगठा पुसला, तरी नाही. मग थोरला उठला, त्यानं आईचं मनगट धरून अंगठा काचेवर दाबला आणि धाकट्याला म्हणाला, "तू मागचान धर, ती पडतली." तेवढंच बोलणं. अंगठा उमटला.

एजंट तेव्हा दारात उभा होता. बाहेर लिंबूसोडा पिताना मला म्हणाला, "दादा, कळंगुटला व्हिला विकले, कमिशन यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. पण घरी सांगण्यासारखं काम आज केलं." आणि लगेच दोन टक्क्यांचा हिशेब काढला, रुपयाही कमी केला नाही. मला ते आवडलं. बायकोला नाही.

घर घेणाऱ्यांना एवढंच सांगीन: हा एजंट छप्पर, रस्ता आणि पाणी याबद्दल जे बोलेल ते सोडून द्या, स्वतः जूनमध्ये जाऊन बघा. कागदांबद्दल बोलेल ते ऐका.

विजेचं मीटर अजून वारलेल्या बाबांच्याच नावावर आहे. दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल येतं, मी भरतो. एजंटला फोन केला की म्हणतो, "जातलें, जातलें." म्हणजे होईल, होईल.