एमईएन-1 की एमईएन-2: मुलांची जनुक-तपासणी कुठे तातडीची?

एमईएन म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार; 1 आणि 2 हे त्याचे प्रकार. दोन्हींत आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला दोष येण्याची शक्यता 50 टक्के, मुलगा असो वा मुलगी. घाई मात्र एमईएन-2 मध्ये. तिथे 10व्या गुणसूत्रावरचं 'रेट' जनुक बिघडतं आणि नेमका बदलच वेळ ठरवतो: कोडॉन (जनुकातलं ठरावीक स्थान) 918 चा तीव्र प्रकार असेल तर थायरॉइड पहिल्या वर्षातच, 634 असेल तर साधारण पाचव्या वर्षापर्यंत काढतात. या दोन बदलांत कॅल्सिटोनिन (थायरॉइडच्या या कॅन्सरमध्ये वाढणारं हार्मोन) वाढायची वाट पाहू नये. तोवर कॅन्सर सुरू झालेला असू शकतो. मोठ्यांच्या शस्त्रक्रियेआधी मेटानेफ्रिन (अॅड्रिनलच्या हार्मोनपासून बनणारा घटक) तपासायलाच हवं, कारण अॅड्रिनल ग्रंथीत गाठ लपलेली असली तर भूल देताना रक्तदाब भडकतो.

एमईएन-1 मध्ये (गुणसूत्र 11) बदलावरून आजाराचा अंदाज बांधता येत नाही, आधीच काढून टाकावी अशी ग्रंथीही नाही. दरवर्षी कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, प्रोलॅक्टिन आणि ठरावीक काळाने एमआरआय.

घरातला ओळखीचा बदल मुलात नसेल, तर दोन्हींत त्याची या तपासण्यांच्या फेऱ्यांतून सुटका.