ओपन येल कोर्सेस : इंग्रजी लेक्चरसाठी कान आणि जीभ तयार करताना, सहा महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी पुस्तक वाचून कळतं, पण तोच विषय वर्गात ऐकताना दहाव्या मिनिटाला धागा सुटतो. प्रश्न डोक्यात येतो, पण वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांची अडचण ही असते, आणि हा अभिप्राय त्यांच्यासाठीच आहे. येल विद्यापीठाने २००७ पासून आपल्या पदवी वर्गांची चित्रित व्याख्यानं फुकट खुली केली. व्हिडिओ, नुसता आवाज आणि लिखित संहिता असं तिन्ही मिळतं. भाषा शिकवण्यासाठी हे बनवलेलंच नाही, म्हणून तर ते उपयोगी. मुद्दाम सावकाश, स्वच्छ बोललेलं इंग्रजी ऐकून तयार झालेला कान खऱ्या वर्गात फसतो.

कोर्स निवडताना विषय आधीच थोडाफार माहीत असलेला घ्या. विषय आणि भाषा दोन्ही नवीन असतील तर नेमकं काय अडतंय ते कळत नाही. विज्ञानवाल्यांनी राममूर्ती शंकर यांच्या भौतिकशास्त्रापासून सुरुवात करावी. ते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले, उच्चार आपल्या कानाला जवळचे. पण तिथेच मुक्काम ठोकला तर कान फारसा सरावत नाही. दोन-तीन आठवड्यांनी बेन पोलॅक यांच्या गेम थिअरीकडे (समोरचा काय करेल ते धरून आपला निर्णय कसा घ्यावा, याचं शास्त्र) वळा : २४ व्याख्यानं, ब्रिटिश वळणाचं इंग्रजी, वेग चांगलाच, आणि वर्गाशी सतत संवाद.

व्याख्यान तासाभराचं किंवा त्याहून लांब असतं. ते सलग ऐकू नका, रोज पाच मिनिटांचा तुकडा पुरे. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून न थांबता ऐका आणि फक्त मुद्दे टिपा. दुसऱ्यांदा अडेल तिथे थांबा. यूट्यूबवर डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे जातं. तिसऱ्यांदा संहिता समोर ठेवा आणि सुटलेल्या प्रत्येक जागेपुढे कारण लिहा : शब्दच माहीत नव्हता, माहीत असून ऐकू आला नाही, की शब्द कळले पण युक्तिवाद निसटला?

हे वर्गीकरण कंटाळवाणं आहे, पण सगळी मेख त्यात आहे. दोन आठवड्यांच्या नोंदी चाळल्या की बहुतेक चुका दुसऱ्या खान्यात सापडतात. मराठीत लिहिलेलं अक्षर बऱ्यापैकी पूर्ण उच्चारलं जातं. इंग्रजीत ‘कुड हॅव बीन’चं ‘कुडव्हबिन’ होतं, ‘फॉर’चं ‘फर’, ‘टू’चं नुसतं ‘ट’. सगळ्यात घातक जोडी ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची. अमेरिकन बोलण्यात ‘वुई कन से’ म्हणजे म्हणू शकतो, आणि ‘वुई कॅन्(ट) से’ म्हणजे म्हणू शकत नाही. आपला कान शेवटच्या ‘ट’ची वाट बघत बसतो, तो बऱ्याचदा गिळलेला असतो. नकार ओळखायचा तो ठसठशीत ‘कॅ’वरून. हे चुकलं की निष्कर्ष बरोबर उलटा लिहिला जातो.

वेग ०.७५ करणं पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. ०.५ ला आवाज रबरासारखा ताणतो, आणि गिळलेला स्वर काही परत येत नाही, कारण तो मुळात उच्चारलेलाच नसतो.

बोलण्याच्या बाबतीत मात्र हे साधन अर्धवट आहे. समोर कोणी नाही, चूक दाखवणारं नाही. ती उणीव काही अंशी पोलॅक यांच्या वर्गात भरून काढता येते. ते प्रश्न टाकतात, माइक विद्यार्थ्यापर्यंत पोचतो, मग ते उत्तर स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडतात. प्रश्न आला की व्हिडिओ थांबवा, वीस सेकंदांत मोठ्याने उत्तर द्या, मग पुढे ऐका. पहिल्याच व्याख्यानात ग्रेडचा खेळ आहे : मी आल्फा लिहिलं आणि जोडीदाराने बीटा, तर मला ए, त्याला सी, उलट लिहिलं तर मला सी, त्याला ए, दोघांनी आल्फा लिहिलं तर दोघांना बी मायनस, दोघांनी बीटा, तर बी प्लस. एवढंच इंग्रजीत एका मिनिटात समजावून सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ‘इफ’ची चार वाक्यं ओळीने आली की ‘मी’ आणि ‘तो’ यांवर जोर देता येतो की नाही, ते लगेच उघडं पडतं. सगळ्या शब्दांना सारखं वजन देण्याची आपली सवय इथे ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते.

रेकॉर्डिंग ऐकताना व्याकरणाआधी आघात तपासा. ‘डेव्हलप’मध्ये जोर शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) हवा. ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये पहिल्यावर, पण ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर. व्याकरणाची चूक समोरचा मनात दुरुस्त करून घेतो. आघात चुकला तर त्याला शब्दच ओळखू येत नाही.

जोडीदार मिळाला तर ४-३-२ करा : तोच विषय आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा बदलला पाहिजे, नाहीतर आपण गाळागाळ करतो आणि ते वेगात खपून जातं. पाठ केलेलं भाषण इथे चालत नाही, कागदावर पाचच शब्द.

तक्रारी अशा : चित्रीकरण जुनं आहे, विद्यार्थ्यांचे आवाज कधी कधी पुसट येतात, आणि नुसता आवाज उतरवून घेतला तर फळ्यावरचं गणित हातून जातं, त्यामुळे प्रवासात ऐकायला इतिहास किंवा तत्त्वज्ञान बरं. उच्चारही बहुतांशी अमेरिकनच ऐकायला मिळतात. ऑस्ट्रेलिया किंवा स्कॉटलंडला जाणाऱ्याने तिथल्या विद्यापीठांची व्याख्यानं वेगळी शोधावीत, तीही निघण्याच्या दोन महिने आधी. विमानात बसल्यावर नव्हे.

ऐकण्यासाठी ५ पैकी ४.५. बोलण्यासाठी २.५, आणि फोनचा रेकॉर्डर चालू ठेवला तर ३.५.