लाइफलाँग लर्निंगची मेंबरशिप : समर टर्म संपल्यानंतरचा अनुभव (माईकसकट)

लाइफलाँग लर्निंग म्हणजे काय, परीक्षा नसते, ग्रेड नसते, पन्नाशीपुढच्यांसाठी असतं वगैरे इथे परत सांगत बसत नाही, न्यू जर्सीतल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांनी ऑशर इन्स्टिट्यूट शोधून बघा, ऑशर फाउंडेशनने 2001 साली मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटीला पहिली ग्रँट दिली आणि आता पन्नासही राज्यांत मिळून सव्वाशेच्या आसपास केंद्रं आहेत, इथल्या रटगर्स युनिव्हर्सिटीलाही आहे. आम्ही दोघांनी मेंबरशिप घेतली ती मात्र ऑशरची नाही. शेजारच्या गावात त्याच धर्तीवर व्हॉलंटियर लोक चालवतात ते छोटं केंद्र. नाव देत नाही. ऑफिसातल्या बाई हे वाचून मला ओळखतील, ते ओळखू देत, पण बाकीच्यांनी उगाच त्यांना धारेवर धरू नये, त्या बिचाऱ्या पार्टटाइम आहेत.

आधी पैशांचं बोलून घेते कारण त्यावरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे. मेंबरशिप माणशी 80 डॉलर, वर क्लासचे वेगळे 55. ठीक आहे, महाग नाही. पण यांचं वर्ष जुलै ते जून! आम्ही मार्चमध्ये पैसे भरले, ते 30 जूनला संपले, आणि समर टर्म जूनमध्ये सुरू होऊन जुलैत संपते, म्हणजे एका टर्मसाठी दोनदा मेंबरशिप. ऑफिसला फोन केला तर म्हणे रिन्यूअल तुम्हाला पुढच्या जूनपर्यंत चालेल की. ते चालेल हो, पण मार्चमध्ये घेताना कोणी बोललं का? महिन्यांच्या हिशोबाने पैसे कमी करून द्यायची सोय नाही. तेव्हा ज्यांना घ्यायची आहे त्यांनी जुलैतच घ्या, मार्च-एप्रिलमध्ये कोणी कितीही गोड बोललं तरी थांबा.

आता समर टर्म. समरला नेहमीचे गाजलेले शिक्षक गायब असतात, कोणी जर्सी शोअरला, कोणी मेनला, कोणी नातवंडांकडे. त्यामुळे कॅटलॉगमध्ये निम्म्याहून जास्त नावांपुढे 'नवीन' असा शिक्का होता. मला वाटलं हा उरलासुरला माल खपवायचा प्रकार आहे. हे म्हणाले, घरात बसून एसीचं बिल वाढवण्यापेक्षा तिथल्या एसीत बसू. (तिथला एसी इतका मारतो की जुलैत सगळ्या बायका शाल घेऊन येतात, ते एक वेगळंच.)

आम्ही एक क्लास घेतला सुप्रीम कोर्टाच्या गाजलेल्या निकालांचा. शिक्षक नवीन, रिटायर्ड वकील, सत्तरीचे, उंचेपुरे, गर्मीतसुद्धा कोट-टाय. तयारी जबरदस्त. नोट्स बघत नाहीत, तारखा तोंडपाठ. 1803 चा मार्बरी खटला (घटनेविरुद्ध असलेला कायदा कोर्ट रद्द करू शकतं, हे ठरवणारा) असा सांगितला की मी घरी येऊन मुलाला फोनवर परत सांगितला. पण पहिल्याच दिवशी व्हॉलंटियरने क्लिपचा माईक पुढे केला तर हात हलवून म्हणाले, मला नाही लागत, आयुष्यभर कोर्टात बोललोय. पुढच्या रांगेतले लगेच हसले आणि ओरडले, आम्हाला ऐकू येतंय! अहो तुम्हाला येणारच, तुम्ही त्यांच्या बुटांपासून चार फुटांवर बसलायत.

या माईक प्रकरणावर मी जरा जास्त लिहिणार आहे, ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनी खाली सरका.

वय झालं की कानाचे आधी वरचे सूर जातात. स, फ, थ, ट, क ही अक्षरं त्या वरच्या सुरांत असतात, स्वर खाली असतात. त्यामुळे म्हातारा माणूस म्हणतो ऐकू येतंय पण कळत नाहीये, ते अक्षरशः खरं असतं. आणि मोठ्याने बोललं की स्वरच अजून मोठे होतात, म्हणजे मीठ कमी पडलं म्हणून रस्सा वाढवायचा. अमेरिकेत 65 ते 74 वयात साधारण तिघांत एकाला हा त्रास आहे, 75 च्या पुढे जवळपास निम्म्यांना. म्हणजे त्या वर्गात बहुमताच्या जवळ जाणारी संख्या आहे आणि शिक्षक विचारतात, सगळ्यांना ऐकू येतंय ना? ज्याला ऐकू येत नाही त्याला हा प्रश्नच ऐकू आलेला नसतो, तो काय उत्तर देणार!

आमच्या यांना मशीन आहेत, दोन्ही कानांना, कॉस्टकोची. साधं मेडिकेअर (पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) मशीनचे पैसे देत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, खिशातून गेलेत. मशीन चांगली आहेत, पण मशीन जवळच्या माणसासाठी. वीस फुटांवरचा माणूस फळ्याकडे तोंड करून बोलायला लागला की मशीन एसीची घरघर इमानेइतबारे मोठी करून देतात. माईक लावला की आवाज स्पीकरमधून येतो, आणि हायब्रिड क्लासला (काही जण वर्गात, काही घरून झूमवर) तोच आवाज झूमवरच्यांनाही जातो. माईक नाही म्हणजे झूमवरचे लोक 55 डॉलर भरून मूकपट बघतायत. मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम केलंय, तिथे एखादी पायरी 'मला लागत नाही' म्हणून गाळली असती तर आख्खी बॅच गेली असती.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे मी लिहायला बसले. एका आठवड्याचा विषय होता भगतसिंग थिंद. मी त्यासाठीच क्लास घेतला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेला शीख माणूस, सिटिझनशिप मागतो, कायदा म्हणतो फक्त 'गोऱ्यांना' (आणि आफ्रिकन वंशाच्यांना). त्याच्या आदल्याच वर्षी, 1922 मध्ये, ओझावा नावाच्या जपानी माणसाला कोर्टाने सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू कॉकेशियन नाहीस. मग थिंद म्हणाला, तुमचेच मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्यांना कॉकेशियन म्हणतात, द्या मला. तर 1923 मध्ये तेच कोर्ट, निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही तेच सदरलँड, आणि आता म्हणतात की शास्त्र राहू दे, साध्या माणसाला जो गोरा वाटतो तोच गोरा. एकमताने! त्यानंतर सरकारने आधी सिटिझन झालेल्या हिंदुस्थानी लोकांचे कागद काढून घ्यायला सुरुवात केली. थेट 1946 पर्यंत आपल्याला दारं बंद.

हे सगळं मी सांगतेय ते नंतर वाचून. वर्गात मला निम्मं कळलं, यांना पावही नाही. वकीलसाहेब त्या दिवशी इतके रंगात आले होते की येरझाऱ्या घालत बोलत होते, खिडकीकडे गेले की आवाज गुल. घरी येताना गाडीत हे विचारतात, तो बँडिट कोण होता गं, त्याने सरकारला कसं काय हरवलं? बँडिट नाही हो, पंडित! सखाराम गणेश पंडित, लॉस एंजलिसमधले वकील, 1914 ला सिटिझन झाले होते, थिंद निकालानंतर सरकारने पंडितांचीही सिटिझनशिप रद्द करायला केस लावली आणि ते स्वतःच लढले. म्हणाले, तुम्ही दिलेल्या कागदावर भरवसा ठेवून मी वकिली केली, घर घेतलं, लग्न केलं, आता मागे कसे घेता. 1926 ला अपील कोर्टात जिंकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला आणि सरकारने बाकीच्या केसेसही सोडून दिल्या. नाव बघा, सखाराम गणेश! नव्वद साली आलेलो आम्ही, इतकी वर्षं इथे राहून हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं आणि तेही बँडिट म्हणून. मला इतका संताप आला की त्याच रात्री ऑफिसला लांबलचक ईमेल लिहिली आणि इथे अडीच स्टार देऊन टाकले.

अपडेट, जुलैचा मधला आठवडा. वरचं खोडत नाही, पण चित्र थोडं बदललंय.

ऑफिसकडून ईमेलला उत्तर आलं नाही, कमिटीतल्या एका आजींचा फोन आला. पंच्याऐंशीच्या असाव्यात, आवाज ठणठणीत. त्यांच्याकडून कळलं की शिक्षकांना मानधन शून्य मिळतं, नवीन शिक्षकाने आधी प्रपोजल लिहायचं, कमिटी बघते, आणि शक्यतो समरलाच पहिली संधी देतात कारण टर्म छोटी, वर्ग छोटे, जमलं तर मग फॉलच्या टर्मला. म्हणजे समर हा उरलेला माल नसून ट्रायल आहे, हे कॅटलॉगात एका ओळीत लिहिलं असतं तर मी वेगळ्या नजरेने बघितलं असतं. नवीन शिक्षकांसाठी तासाभराचं ट्रेनिंग असतं, त्यात माईक शिकवतात, आमचे वकीलसाहेब त्याला गेलेच नव्हते. आजी म्हणाल्या, मी बोलते. काय बोलल्या माहीत नाही पण पुढच्या वेळी साहेब माईक लावून आले. टायला लावला, तो टायवर घासून खरखर खरखर, मग व्हॉलंटियरने कोटाच्या कॉलरला लावून दिला, आणि गंमत म्हणजे माईक आल्यावर त्यांचं ओरडणं थांबलं आणि शिकवणं उलट बहारदार झालं. मधे थांबायला लागले, विनोद करायला लागले. शेवटच्या क्लासला बॅटरी संपली आणि कपाटात जास्तीची नव्हती. दोन डबल ए सेल! मी पर्समध्ये ठेवायला लागलेय आता.

माझं मत पूर्ण बदललं ते मात्र दुसऱ्या क्लासने. विषय डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल. तुम्ही म्हणाल त्यात काय, त्याच्या काठाने आपण वीकेंडला चालतो, फोटो काढतो. शिकवणाऱ्या बाईही नवीन, पाणीखात्यातून रिटायर झालेल्या इंजिनियर. आल्या त्याच कमरेला माईकचा डबा अडकवून, स्वतःचे जास्तीचे सेल टेपने चिकटवलेले. कोणीही प्रश्न विचारला की आधी माईकमध्ये तो प्रश्न परत म्हणायच्या, मग उत्तर. इतकी साधी गोष्ट, पण हे त्या वर्गातून बाहेर पडले ते अखंड बोलत.

कॅनॉलमध्ये बोटी वरखाली करायला दारांची बंदिस्त जागा असते ती लॉक, ते दाखवायला बाईंनी घरून प्लॅस्टिकचा पारदर्शक खोका आणला होता, आत दोन जागी पातळ फळ्यांची दारं, इंग्रजी व्ही सारखी एकमेकांना टेकणारी, टोक वरच्या पाण्याच्या बाजूला. निळं रंगवलेलं पाणी ओतलं आणि दाखवलं की पाणी जितकं जास्त दाबेल तितकी दारं घट्ट बसतात, कडी-कुलूप लागत नाही. मग तळाचं बूच काढून पाणी समान केलं आणि दार एका बोटाने उघडलं. लॉकवर लॉक बघितलेत आम्ही, पाट्या वाचल्यात, पण हे कोणी असं दाखवलं नव्हतं. मुख्य कॅनॉल 44 मैल, बॉर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत, वर 22 मैलांचा फीडर, म्हणजे पाणी पुरवणारा फाटा, तो डेलावेअर नदीचं पाणी ट्रेंटनच्या उंचवट्यावर आणून सोडतो आणि तिथून ते दोन्हीकडे उतरतं. 1834 ला उघडला, खणणारे बहुतेक आयरिश मजूर, कुदळ-फावड्याने, 1832 च्या कॉलऱ्यात कितीतरी तिथेच गेले. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यूयॉर्कला न्यायला बांधला, 1871 मध्ये भाडेपट्ट्याने रेल्वे कंपनीच्या हातात गेला, आणि रेल्वेला कॅनॉल चालवण्यात कसला रस असणार, 1932 नंतर बोटी बंद. पण पाणी बंद झालं नाही. आज मध्य जर्सीतल्या दहा लाखांच्या आसपास लोकांच्या नळाला त्या कॅनॉलचं पाणी येतं. बाईंनी टेबलावर नळाच्या पाण्याचा जग ठेवला होता, म्हणाल्या हे बघा, हेच ते, प्या. आम्ही ग्रिग्सटाउनला पूल सांभाळणाऱ्याच्या घराशेजारी बसून किती वेळा थर्मासातला चहा प्यायलोय, आणि तो चहा कुठल्या पाण्याचा होता याचा पत्ता नाही.

अडीचचे साडेतीन केले. पार्किंग बघता पाच कधीच मिळणार नाहीत.

ज्यांचे आई-बाबा समरला इकडे येतात त्यांच्यासाठी खास. आमच्या केंद्रात कोणालाही मेंबर होता येतं, व्हिजिटर व्हिसावरचे आई-वडीलही चालतात, सोशल सिक्युरिटी नंबर वगैरे काही मागत नाहीत. क्लास सकाळी दहाचे, मुलगा-सून कामावर, तेव्हा सोडण्या-आणण्याची सोय आधी बघा. मेंबरशिप मात्र पूर्ण वर्षाची, दोन महिन्यांसाठी 80 डॉलर, यावर मी कमिटीच्या आजींना गेस्ट पास सुचवलाय. तोपर्यंत एक युक्ती, पहिला क्लास फुकट बसू देतात, विचारावं लागतं, आपणहून सांगत नाहीत. आणि उच्चारांची सवय नसलेल्या आपल्या लोकांना माईकची गरज तर दुप्पट, म्हणून रजिस्ट्रेशनच्या आधी ऑफिसला फोन करून सरळ विचारा की हे शिक्षक माईक वापरतात का. चार लोकांनी विचारलं की सेल आपोआप कपाटात येतील.

झूमवाल्यांना एक इशारा, एका स्क्रीनसमोर नवरा-बायको दोघं बसलात तरी फी दोन घेतात. कसं ओळखतात म्हणाल तर आमच्या ओळखीच्या एकांची बायको मधेच चहा घेऊन कॅमेऱ्यात आली.

आमचा तिसरा क्लास, बिगिनर्स इटालियन, नावं कमी आली म्हणून रद्द झाला. चेक देत नाहीत, क्रेडिट देतात. फॉलच्या कॅटलॉगमध्ये वकीलसाहेब परत आहेत, यावेळी 1924 ते 1965 चे इमिग्रेशन कायदे. दोघांची नावं घातली. इटालियनच्या क्रेडिटात यांची फी भागली, माझे 55 भरले.