चार महिन्यांनंतर: ‘शांतता वगळा’ आधी बंद करा

चार महिन्यांपूर्वी या ऑडिओबुकला मी दोन स्टार दिले होते. लिहिलं होतं, ‘राजपुत्र अखंड स्वतःशीच बोलत राहतो, समोरच्याकडे त्याचं लक्षच नाही, यात प्रेम कुठे आहे?’ ते शब्द मी परत घेतो. घोळ माझ्या ॲपमधल्या एका सेटिंगचा होता, आणि तो कळायला ॲप बंद पडावं लागलं.

जलपरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे (वादळात बुडणाऱ्या राजपुत्राला ती वाचवते, पण ते त्याला कळत नाही), ती पुन्हा सांगत नाही. इथे जलपरीच्या जागी जलपुत्र आहे आणि राजपुत्र आहे तिथेच आहे. चेटकिणीशी सौदाही तोच, जीभ द्यायची आणि पाय घ्यायचे. डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या मूळ कथेसारखंच इथेही कुणाला नाव नाही. एक प्रकरण याचं, एक त्याचं, अशी मांडणी आहे. जलपुत्राच्या प्रकरणांत त्याच्या मनातलं ऐकू येतं. राजपुत्राच्या प्रकरणांत मात्र जलपुत्र हातांनी आणि डोळ्यांनी उत्तरं देतो, आणि त्या जागी निवेदक गप्प राहतो. नुसता गप्प राहतो, वर्णनसुद्धा करत नाही.

पहिल्या वेळी मला यातलं काहीच कळलं नाही, कारण ‘शांतता वगळा’ चालू होतं. माझ्या वर्गणीत महिन्याला एकच पुस्तक मिळतं, त्यामुळे ते वेळेत संपवायचं आणि उरलेल्या वेळात मुलाखती, बातम्या ऐकायच्या, असा माझा हिशेब असतो. त्यासाठी हे सेटिंग फार सोयीचं आहे. आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की ॲप तेवढा तुकडा आखडून टाकतं. पुस्तक संपल्यावर पडद्यावर आलं होतं, ‘तुमची ४७ मिनिटं वाचली’. मला तेव्हा समाधान वाटलं होतं. त्या ४७ मिनिटांत जलपुत्राचं जवळजवळ सगळं बोलणं गेलं होतं.

दोन महिन्यांनी एका मित्राने हेच पुस्तक ऐकलं आणि पायऱ्यांच्या प्रसंगाबद्दल भरभरून बोलायला लागला. मला त्यात विशेष काही आठवेना. म्हणून पुन्हा लावलं, तर तेविसाव्या प्रकरणाला ॲप अडकलं. दर वेळी त्याच सेकंदाला. ग्राहक सेवेला पाच मेल केले. पहिल्या चारांना शब्दशः एकच उत्तर: इंटरनेट जोडणी तपासा. पुस्तक फोनमध्ये उतरवून घेतलेलं आहे, जोडणीचा संबंध नाही, हे मी दर वेळी लिहीत होतो आणि ते कुणी वाचत नव्हतं. पाचव्या मेलला सांगितलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. माझ्या ३१ खुणा गेल्या, त्याचा राग अजून आहे. पण सगळी सेटिंग मूळपदावर आली आणि पुस्तक पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

पायऱ्यांचा तो प्रसंग सांगतोच. मूळ कथेत जलपरीला प्रत्येक पावलागणिक सुऱ्यांवरून चालल्यासारखं दुखतं, आणि रात्री ती राजवाड्याच्या संगमरवरी पायऱ्या उतरून आग होणारे पाय समुद्राच्या गार पाण्यात सोडते. तिथे तिच्या बहिणी येतात, राजपुत्र कधी येत नाही. या पुस्तकात राजपुत्र येतो. एक पायरी वर बसतो आणि विचारतो, ‘दुखतंय?’ मग म्हणतो, ‘सांग ना.’ मग म्हणतो, ‘बरं.’

सेटिंग चालू असताना हे सलग ऐकू येतं: दुखतंय, सांग ना, बरं. विचारल्यासारखं करून उठून गेलेला माणूस. सेटिंग बंद करून ऐका. ‘दुखतंय?’नंतर सहा सेकंद काही नाही. ‘सांग ना’नंतर त्याहून जास्त, आणि त्यात निवेदकाचा एक श्वास आत घेतलेला ऐकू येतो. मग ‘बरं’ इतक्या हळू येतं की जलपुत्राने काहीतरी सांगितलं आणि याला ते कळलं, याबद्दल शंकाच राहत नाही. मी ते एका रात्रीत चारदा ऐकलं. मी स्वतः समलिंगी आहे. एका माणसाशेजारी वर्षानुवर्षं बसून मी काहीही बोललो नव्हतो, आणि त्याने मला असं थांबून कधी विचारलं नव्हतं. त्या ‘बरं’ला मला रडू आलं.

छापील मजकुरात लेखकाने हे कसं केलंय ते बघायला ई-पुस्तकाचा मोफत नमुना उतरवला. जलपुत्राच्या उत्तराच्या जागी फक्त अवतरणचिन्हं आहेत, उघडलेली आणि मिटलेली, मध्ये कोरी जागा. कुठे कोरी जागा मोठी आहे, कुठे छोटी, आणि निवेदकाने प्रत्येक जागेला तिच्या मापाने वेळ दिलाय. इतकं कष्टाचं काम मी ऑडिओबुकात आजवर ऐकलेलं नाही.

‘मुद्दाम समलिंगी केलंय’ असं म्हणणाऱ्यांनी या कथेचा इतिहास जरूर बघावा. अँडरसनचा जीव एडवर्ड कोलिन नावाच्या मित्रावर होता. १८३१ मध्ये त्याने एडवर्डला विनंती केली की आपण एकमेकांना ‘तू’ म्हणू या. त्या काळच्या डॅनिशमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होतं. एडवर्डने नकार दिला, आणि दोघांमध्ये पुढे कायम ‘तुम्ही’च राहिलं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘अहो’वरून ‘अरे’वर यायला किती धीर लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. १८३६ मध्ये एडवर्डचं लग्न झालं आणि एप्रिल १८३७ मध्ये जलपरीची कथा छापून आली. जिच्यावर राजपुत्राचा लोभ आहे, पण जिच्याशी तो लग्न करत नाही, अशी ती मुकी मुलगी. अँडरसनला आजच्या भाषेत काय म्हणायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्याचा जीव बायकांवरही जडला होता. पण अँडरसनच्या या प्रेमाला आपल्याला प्रतिसाद देता आला नाही आणि त्याचा अँडरसनला त्रास झाला, हे एडवर्डने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय.

मूळ कथेतली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जलपरीला आपल्याबरोबर घोड्यावरून फिरता यावं म्हणून राजपुत्र तिला पुरुषी पोशाख शिवून देतो. एका वाक्यात येतं आणि जातं. या लेखकाने त्या वाक्याचं अख्खं प्रकरण केलंय, शिंप्याने माप घेताना राजपुत्र दाराशी उभा राहून बघतो तिथपासून. पहिल्या वेळी मला ते लांबलेलं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तक्रारी आहेत. ज्या राजकन्येशी राजपुत्राचं लग्न ठरतं, तिला अर्ध्या प्रकरणात वाटेला लावलंय. तिचंही काही म्हणणं असणार, ते कुणी विचारत नाही. चेटकिणीचा आवाज निवेदकाने उगाच घोगरा काढलाय. आणि शेवट गोड आहे. आधी मी यावर चिडलो होतो, कारण मूळ कथेत लग्न दुसरीशी होतं, राजपुत्राला मारायला दिलेली सुरी जलपरी पाण्यात फेकते, तिचा फेस होतो आणि मग अमर आत्मा मिळवायला तीनशे वर्षांची हवेतली सेवा. ते दुःख पुसून टाकणं मला पळवाट वाटली होती. आता अर्धा राग उरलाय. जलपुत्राला आवाज परत मिळत नाही, राजपुत्रच त्याच्या हातांची भाषा शिकतो, म्हणून अर्धा गेला.

ॲपवाल्यांना एकच मागणी केली आहे: हे सेटिंग प्रत्येक पुस्तकासाठी वेगळं ठेवता यावं. ‘आपली सूचना पुढे पाठवली आहे’ असं उत्तर आलं. तोवर तुम्ही हाताने बंद करा. ॲपला एक स्टार, पुस्तकाला साडेचार.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात जहाजाच्या डेकवर, सुरी पाण्यात पडल्यावर, राजपुत्र विचारतो, ‘त्या वादळात मला बाहेर काढणारा तूच होतास का?’ त्यानंतर एकोणीस सेकंद काहीच ऐकू येत नाही. ॲप पुन्हा अडकलं असं वाटून माझा हात फोनकडे गेला. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते.